अहो, गॅसचा गीझर नाही बसवला

अहो, भांडण अर्धवट टाकून उठून जाणं तुमच्या स्वभावात नव्हतं. भाजी कोणती करायची इथपासून पाहुण्यांना कोणत्या खोलीत झोपवायचं इथपर्यंत, कुठलाही वाद तुम्ही शेवटापर्यंत नेलात आणि बहुतेक वेळा हरलात. मग या एकाच वादात मध्येच कसे गेलात? गणपती बोळवले आणि त्याच आठवड्यात तुम्हालाही पोचवायची वेळ आली. माझं उत्तर तोंडातच राहिलं. आता धुळ्यात कडाक्याची थंडी पडली आहे, उत्तर तयार आहे, आणि ते तुम्हाला ऐकवल्याशिवाय मी राहणार नाही. ऐकायला नसलात तरी ऐकवणार.

लोक मला विचारतात, अंगणात ती कसली गाडी उभी आहे? मी सांगते, शाळेची जुनी मिनीबस होती, आमच्या ह्यांनी निवृत्त झाल्यावर तिची घरगाडी केली. बाकं काढली, दोन पलंग टाकले, ओटा बसवला, मागच्या कोपऱ्यात माणूस जेमतेम उभा राहील एवढं न्हाणीघर काढलं. पिवळा रंग तेवढा तसाच ठेवला, म्हणून अजूनही चौकात पोरं हात दाखवून थांबवायला बघतात. गल्ली तिला 'नानांची व्हॅनिटी' म्हणते. तुम्हाला तो शब्द आवडायचा नाही, आणि म्हणूनच गल्लीला तो फार आवडायचा.

त्या न्हाणीघरातला विजेवरचा गीझर मागच्या थंडीत गेला. आठवतंय ना? भडगावला माझ्या भाचीचं लग्न लावून आपण परत येत होतो. एरंडोलच्या पुढे मागून पाण्याचा आवाज यायला लागला. तुम्ही म्हणालात, "काही नाही, तांब्या पडला असेल." तो तांब्या एवढा मोठा होता की दोन्ही गाद्या भिजल्या. आपल्या बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी टाकी आतून खाऊन टाकली होती. ओल्या गाद्या टपावर बांधून आपण भर दुपारी धुळ्यात, देवपुरातल्या आपल्या गल्लीत शिरलो आणि बघायला अख्खी गल्ली दारात आली.

तिथून वाद सुरू झाला. नवीन काय बसवायचं?

तुमचं एकच टुमणं, गॅसचा गीझर. वजनाला हलका, छोट्या सिलिंडरवर चालतो, नळ सोडला की लगेच पाणी. विजेची वाट बघायला नको. मी म्हणत होते, एवढ्याशा बंद डब्यात आग पेटवायची आणि शेजारी झोपायचं, हे मला पटत नाही. तुम्ही म्हणालात, खिडकी उघडी ठेवू. मी म्हटलं, ज्या थंडीसाठी गरम पाणी पाहिजे त्या थंडीत खिडकी कोण उघडी ठेवतो? तुमच्याकडे उत्तर नसलं की तुम्ही अहिराणीत शिरायचात. "तुले काय समजस वं त्यामा!"

आणि मग मी माझं म्हणणं मांडलं. माझ्या वडिलांची भडगावला पिठाची गिरणी होती, तेलाच्या इंजिनवर चालायची. इंजिन थंड ठेवायला हौदातलं पाणी त्यात फिरायचं आणि गरम होऊन परत हौदात पडायचं. थंडीच्या दिवसांत दळण घेऊन येणाऱ्या बाया दळणासोबत एक रिकामी बादलीही आणायच्या. आमच्या घरात तर थंडीत चूल पाण्यासाठी पेटलेली मला आठवत नाही. गाडीलाही इंजिन आहे, तेही तापतं, ती उष्णता आपण रेडिएटरमधून वाऱ्यावर सोडून देतो. ती टाकीत घ्या की! तुम्ही इतके हसलात की चहा बशीतून सांडला. "तू गाडीले गिरनी समजस का?" असं म्हणून तुम्ही दारापर्यंत जाऊन परत येऊन पुन्हा हसलात.

ते हसू माझ्या कानात आहे. रागही आहे. दोन्ही एकाच जागी आहेत आणि मी त्यांना वेगळं करायच्या भानगडीत पडत नाही.

दहाव्याला पांझरेच्या काठी काय झालं ते तुम्हाला ठाऊक असेलच, कारण माझ्या मते ते सगळं तुम्हीच घडवलंत. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या तारेवर बसला होता, मान वाकडी करून बघत होता, पण खाली उतरायचं नाव नाही. ऊन चढलं. समीर म्हणाला, "बाबा, आईला एकटं पडू देणार नाही." कावळा ढिम्म. तुमचे मित्र, भाऊबंद, एकेक जण पुढे येऊन शब्द देऊन गेले. भटजींनी घड्याळ पाहिलं. शेवटी दोंडाईच्याच्या अक्का उठल्या. तुमच्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी बहीण, तिच्यापुढे घरात कुणाचं काही चालत नाही. पदर खोचून पाण्याच्या काठापर्यंत गेल्या आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "भाऊ, तुनी गाडी इकसूत नही. तुले पाहिजे तोच गॅसना गीझर बसाडसूत. आते तरी ये रे भाऊ!"

आणि कावळा उतरला.

सगळे रडत होते, हात जोडत होते. मीही रडत होते, पण खरं सांगते, त्या रडण्यात अर्धा संताप होता. समोरासमोर जिंकता आलं नाही म्हणून तुम्ही निकाल लावायला कावळा पाठवलात! आता तो शब्द नदीवर, साऱ्या गोतावळ्यादेखत दिलेला. मोडायचा कसा?

बरं, पेचही साधा नव्हता. समीरचं म्हणणं, आई, गाडी विकून टाक, तू एकटी ती घेऊन कुठे फिरणार? अक्का सोबत असल्या तरच जायचं. अक्कांना तोरणमाळ बघायचं होतं, तुम्ही त्यांना ते दरवर्षी कबूल करायचात. पण अक्कांचे गुडघे धरलेले, थंड पाणी अंगावर घेता येत नाही, आणि आंघोळ झाल्याशिवाय त्या पाण्याचा घोटही घेत नाहीत. म्हणजे गरम पाणी नाही तर अक्का नाहीत, अक्का नाहीत तर मी नाही, आणि मी नाही तर गाडी दोंडाईच्याच्या त्या वडापाववाल्याची, जो दर आठवड्याला फोन करून भाव विचारत होता. तुमच्या हातचे पलंग काढून तिथे तो कढई ठेवणार होता. आणि गरम पाणी आणायचं तर गॅसचं, कारण कावळ्याला तसं सांगितलेलं.

मी दुकानात गेले, खोटं कशाला बोलू. तुमची इच्छा आहे तर बसवून टाकू, असं मनाला सांगून गेले. दुकानदाराने खोकं उघडलं आणि विचारलं, "कुठे बसवायचाय, काकू?" मी सांगितलं. तो म्हणाला, "याला हवा खेळती लागते. हल्ली आम्ही न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर लावून देतो." मी म्हटलं, माझ्या न्हाणीघराच्या बाहेर माझी उशी आहे. खोकं तिथेच ठेवून मी थेट स्टँडवर गेले आणि दोंडाईच्याची एसटी धरली.

अक्का अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "अक्का, गॅसचा गीझर मी बसवणार नाही."

त्यांचे हात थांबले. "मंगल, नदीवर शब्द दिन्हा शे."

"माहीत आहे. त्याआधी तुम्ही मला शेगडीची गोष्ट सांगा."

ती गोष्ट त्यांनी मला लग्न झाल्यापासून दर थंडीत सांगितली आहे. तुम्ही जन्मलात तेव्हाची. बाळंतिणीच्या खोलीत शेकायला कोळशाची शेगडी ठेवलेली, वारा लागू नये म्हणून दाराखिडकीच्या फटीतही चिंध्या कोंबलेल्या. अक्का तेव्हा परकरी पोर. ती सकाळी काढा घेऊन गेली तर आई हाक मारूनही उठेना आणि तुम्ही रडेनात.

"धूर नही, वास नही," अक्का सांगायला लागल्या, नेहमीसारखंच, हातवारे करून. "माय निस्ती पडेल. मी दार उघडं, भाऊले उचलं आनि आंगनमा आनं. थंडी लागनी तवय रडना तो."

"अक्का, गॅसचा गीझर म्हणजे तीच शेगडी आहे. भिंतीवर टांगलेली."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. वालाच्या शेंगा तशाच पडून राहिल्या. मग माझ्याकडे बघून रागाने म्हणाल्या, "मंग तू तठे नदीवर काबर नही बोलनी?"

"बोलणार कशी? तुमचं बोलणं संपायच्या आत तो खाली उतरला होता."

त्या हसल्या, आणि हसताहसता रडायला लागल्या. तुम्ही गेल्यावर त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. नदीवर त्यांनी सगळ्यांना धरलं होतं, त्यांना कुणी धरलं नव्हतं. मी शेजारी बसले आणि आम्ही दोघींनी मिळून वाल सोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत केलं, पान घेऊन गच्चीवर चढल्या. गुडघे दुखत असताना. मी मागे. पान कठड्यावर ठेवून त्या आकाशाकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, मी शब्द दिन्हा व्हता, तो परत लेस. गॅस नही. मंगल म्हनस तेच बसाडसूत. राग ऊना ते माले बोल." आम्ही थांबलो. कावळा काही आला नाही. एक खार आली आणि भाकरीचा तुकडा घेऊन पळाली. मला वाटलं, संपलं, आता अक्का मागे फिरणार. अक्का मागे फिरल्याच, पण जिन्याकडे. "त्या पाखरूले आंघोय थोडीच करनी शे? चाल."

अहो, त्या क्षणी तुमच्या बहिणीच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. जिना अरुंद होता म्हणून ठेवलं नाही.

मग मी जळगाव गाठलं. समीरने पुण्याहून फोनवर एक परदेशी हीटर सुचवला होता, बाहेरून हवा घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा. वस्तू चांगली होती, मी नाही म्हणत नाही. पण त्याचा एक स्क्रू हरवला तर दोंडाईच्यात मिळायचा कुठे? पुन्हा विजेचाच घ्यावा, तर तोरणमाळला जंगलात वायर कुठे खोचायची? आणि बॅटरीवर चालवायचा म्हटला तर पाणी कोमट व्हायच्या आत बॅटरी झोपणार. सगळीकडून फिरून मी माझ्या गिरणीपाशीच येत होते.

जळगावला सोलरच्या टाक्या बनवणारा एक कारखाना आहे. मालक म्हणाला, "काकू, एवढीशी टाकी आम्ही बनवत नाही." मी म्हटलं, मोठी बनवता तर छोटी का येणार नाही? खुर्ची ओढून बसले. क्षाराच्या पाण्यासाठी तो टाकीत तांब्याच्या नळीचं वेटोळं घालतो, हे त्याच्याच तोंडून कळलं. मग मी म्हटलं, सोलरचं पाणी फिरवता त्या नळीतून माझ्या इंजिनचं पाणी फिरवा. नळीच्या आत इंजिनचं, बाहेर आंघोळीचं, दोघांची गाठ पडायला नको. त्याने कागद ओढला, आणि आम्ही दोघं भांडायला लागलो. त्याला टाकी उंचावर हवी होती, मला पलंगाखाली. जुनी गाडी, वरती वजन चढवलं तर वळणावर डोलणार. त्याला मोठी हवी होती, मला दोघींपुरती. टाकी उघडून क्षार खरवडता येतील असं झाकण मी मागून घेतलं. जाड फोमचं आवरण, म्हणजे संध्याकाळचं पाणी सकाळपर्यंत टिकेल. आणि कुणाच्या दारात मुक्काम असला तर म्हणून विजेची एक कांडीही. ती तुमच्यासाठी, माझ्या गिरणीला हसलात म्हणून. पूर्णच माझं खरं झालं असं व्हायला नको.

निघताना मालक म्हणाला, "काकू, तुमचे मिस्टर यायला हवे होते." मी म्हटलं, ते आले असते तर आपण अजून पहिल्याच मुद्द्यावर असतो.

टाकी बसल्यावर पहिली फेरी लळिंगपर्यंत काढली. समीर रजा काढून आला होता, शेजारी बसला. परत येऊन नळ सोडला तर पाणी गार. अगदी गार. समीर तुमच्यासारखाच ओठ दाबून बसला, आणि ते मला गार पाण्याहून जास्त लागलं. संध्याकाळी वडापाववाल्याचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "आई, त्याला काय सांगू?" मी म्हटलं, सांग, उद्या.

सकाळी इंजिन पुरतं थंड असताना मी पलंगाखाली शिरले. माझं वय काढू नका. नळीवर हात फिरवत गेले तर एका ठिकाणी ती उंटाच्या पाठीसारखी वर आली होती. वडिलांच्या गिरणीत पाणी फिरायचं थांबलं की ते आधी वरची जागा शोधायचे, कारण हवा तिथे जाऊन बसते. मी समीरला सांगितलं, रेडिएटरचं झाकण काढ आणि पाणी ओतत राहा. इकडे मी तिथली पकड सैल केली. आधी फुसफुस, मग इंजिनचं हिरवं पाणी माझ्या पातळावर. पकड आवळली, नळी सरळ करून बांधली, गाडी सुरू केली. थोड्या वेळाने नळीच्या दुसऱ्या टोकाला हात लावला तर ती गरम! मी पलंगाखालून ओरडले. समीर धावत आला, त्याला वाटलं मला शॉक बसला. ते पातळ गेलं कामातून. पण वडापाववाल्याला समीरने माझ्यासमोरच नाही म्हणून सांगितलं.

तोरणमाळला गाडी मी चालवली. हे तुम्हाला दोनदा सांगायला हरकत नाही. गाडी मी चालवली. तुम्ही मला मैदानावर शिकवायचात, गिअर चुकला की आकाशाकडे बघायचात, पण स्टिअरिंगला कधी हात घातला नाहीत. त्याचे उपकार मला घाटात कळले. दोंडाईच्याला अक्कांना घेताना कुणीतरी म्हणालंच, वर्ष तरी होऊ द्यायचं. अक्का गाडीतूनच म्हणाल्या, "वरीसभर मना गुडघा थांबतीन का?" दोंडाईच्यापासून शहाद्यापर्यंत त्या प्रत्येक गावाचं नाव मोठ्याने वाचत होत्या. घाट लागल्यावर डोळे मिटून बसल्या. गाडी दुसऱ्या गिअरवर रडत चढत होती, तापमानाचा काटा वर सरकत होता, आणि मी खूश होत होते. इंजिन जितकं तापेल तितकी माझी टाकी.

सकाळी तळ्याकाठचं गवत दवानं पांढरं पडलं होतं. काचांवर आतून पाणी साचलेलं. अक्का पलंगावर गोधडीत बसून माझ्याकडे बघत होत्या, चहाची तहान डोळ्यांत. टॉवेल घेतला आणि आत गेल्या. मी बाहेर उभी. नळाचा आवाज आला. मग एकदम आतून ओरडणं, "कितलं उनं पानी शे वं माय!"

त्या बाहेर आल्या तेव्हा अंगातून वाफा निघत होत्या. आम्ही दारात पाय सोडून चहा घेतला. अर्धा कप झाल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ गॅस गॅस काबर करे, तुले माहीत शे का? माले म्हने, अक्का, मंगलले थंडी सोसत नही. ती उठस तवय तिले लगेच उनं पानी पाहिजे. वायर सोधत फिरनं नही."

हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? इतके महिने वजन सांगितलंत, सिलिंडर सांगितलात, माझ्या गिरणीला हसलात. हे एक वाक्य सांगितलं असतंत तर मी वाद घातला नसता असं नाही, घातलाच असता. गॅसचा गीझर मी त्या गाडीत येऊच दिला नसता. पण भांडताना मध्येच तुमचा हात धरला असता. तो राहिला धरायचा, त्याचं मला आता काय करायचं ते समजत नाही.

मी उठले, टॉवेल घेतला, न्हाणीघराचं दार लावलं. अक्कांची आंघोळ होऊन गेलेली, रात्रभराची थंडी, मला वाटलं आता कोमटच उरलं असेल. बादली भरली. हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

अहो, गार पाण्याचं विसण घ्यावं लागलं.